निळ्या झाकणांच्या बादल्या

४ मे, रविवार

आज ओढ्यात तीन तास. परात फिरवून फिरवून खांदे भरून आले आणि शेवटी कडेला राहिली ती नेहमीची काळी वाळू. सोन्याचा कण नाही. एकसुद्धा नाही. चार वर्षांपासून उतरती कळा होतीच, आता मात्र मान्य करायला हवं. नोराचा ओढा मेला.

हे वहीत लिहितोय, कारण बोलायची सोय नाही. आमच्या या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या परातीत कुणी डोकावत नाही आणि आपल्या परातीतलं कुणी सांगत नाही. सोनं धुणारे दोघं शेजारीशेजारी उभे राहिले तरी एक जण परात उचलतो तेव्हा दुसरा डोंगराकडे बघतो. माझ्या बापाने तर माझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती रिकामी असली तर जास्तच घट्ट झाकायची.

ओढ्याचा परवाना ३० सप्टेंबरला संपतो. तो पुढे चालू ठेवला नाही तर वरच्या अंगाला डोंगर उकरत बसलेली कंपनी ओढा घेईल. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. फार गोड बोलतो, चहात साखर घेत नाही. नोरा म्हणजे माझ्या बापाची आजी. नवरा गुत्त्यात पडलेला असायचा, तेव्हा तिने एकटीने या ओढ्यात उभं राहून सात पोरं वाढवली. तिच्यापासून धरून चौथा मी, आणि माझ्यामागे कुणी नाही.

संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बसलो. बावन्न वर्षांत सोनं काढून घेतल्यावर उरलेली सगळी काळी वाळू तिथे ठेवली आहे. टाकवत नाही. एकशे त्रेसष्ट बादल्या. जुन्यांना लाल झाकणं, गेल्या चार वर्षांतल्यांना निळी, कारण दुकानात लाल मिळेनाशी झाली. एक बादली उचलून बघितली आणि पुन्हा तोच चमत्कार वाटला. साध्या वाळूची बादली मी या वयातही उचलतो. हिला मात्र जमीन सोडत नाही. पाण्याने डोंगरभर दगड चाळले आणि त्यातलं जड तेवढं निवडून माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. पाण्यासारखं निवडणारं कुणी नाही.

तेव्हा ठरवलं. सोन्याने हात टेकले, पण या वाळूने स्वतःचं पोट भरलं तर ओढा ठेवीन. नाहीतर सोडून देईन.

११ मे

लोहचुंबक आणला. कागदावर मूठभर वाळू घेतली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. वाळू उभी राहिली! मांजराच्या पाठीवरचे केस उभे राहावेत तशी, आणि चुंबक जाईल तिकडे मान वळवत चालली. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, अर्धा तास तेच करत बसलो होतो. चहा गार झाला. हे कण कधीपासून असे एकमेकांना ओळखतात कोण जाणे.

शाळेच्या बाईंना फोन केला. मुलांच्या खेळासाठी म्हणून त्यांनी पाच किलो घेतली. सुरुवात झाली म्हणायची.

हल्लीचे दिवे फारच मंद बनवतात. स्वयंपाकघरात तीन लावलेत तरी उजेड पडत नाही. या वहीच्या रेघाही जवळपास नाहीतच. जुन्या वह्यांत कशा ठसठशीत असत. जाड पेन घेतलं, म्हणून निदान अक्षर तरी मोठं येतंय.

२३ मे

बर्नी म्हणजे माझी थोरली बहीण. शेजारच्या घरात राहते आणि माझ्या घरात वावरते. तिच्यासाठी दाराच्या फटीला लावायची लांबडी उशी वाळू भरून केली. हिवाळा तोंडावर आलाय, गार वारा अडवते, जड असल्यामुळे हलत नाही. अशा पन्नास शिवून विकायच्या असा माझा बेत होता.

आज ती उशी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर दाणकन आपटली.

"मर्व्ह, हे काय आहे?"

"उशी."

"उशी होती. दोन आठवडे ओल लागली आणि गंज गळायला लागला. माझ्या नव्या गालिच्यावर तपकिरी साप उमटलाय. बरं, काल दार उघडताना पायाचं बोट तिच्यावर आपटलं ते वेगळंच."

"वाळूत थोडं लोखंड असतंच, बर्नी."

"आणि डोक्यात?"

जाताना म्हणाली, फाटकाचा खांब वाकलाय. म्हटलं, गाडी जरा घासली. खांब कुणीतरी रस्त्याच्या बाजूला सरकवला असावा. तिने दाराजवळच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढली आणि सरळ पर्समध्ये टाकली. "डोळे तपासून ये, मग देते," म्हणाली. शाळेची बस चालवायची तीस वर्षं, अजून सगळ्यांना आपले विद्यार्थी समजते.

१९ जून

स्नो आला होता. त्याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसेल. विशीत केस पांढरे झाले तेव्हापासून तो स्नोच. त्याचा ओढा माझ्या ओढ्याच्या पलीकडे. पन्नास वर्षं आम्ही एकमेकांना सोन्याबद्दल काहीही विचारलेलं नाही, म्हणून मैत्री टिकली.

"ऐकलं, वाळू विकतोयस," म्हणाला. "घरापुढे सिमेंटचा रस्ता करतोय. काळी वाळू घातली तर जड होईल, पुरात जाणार नाही."

दाराजवळच्या चार बादल्या दिल्या. पैसे रोख. जड सिमेंट! हे मला कसं सुचलं नाही?

२ जुलै

गॅरेजवाल्या पोरांनी ट्रकचा गंज घासायला वाळू नेली होती, परत आणून दिली. त्यांच्या यंत्राचं नाक चोंदलं म्हणे. असो.

पण स्नो! पुन्हा आला आणि आठ बादल्या घेऊन गेला. मी मागच्या ओळीतल्या देत होतो, तर म्हणाला, "निळ्या झाकणाच्या दे."

"अरे, वाळू एकच. या उलट मुरलेल्या आहेत."

"निळ्याच दे. त्या जास्त काळ्या आहेत."

आता काळ्यात काय कमीजास्त? पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. एरवी मासे विकत घेतानाही घासाघीस करणारा हा माणूस, आज एक शब्द बोलला नाही. माझ्या तोंडाकडे नुसता बघत उभा होता. म्हातारा होत चाललाय बिचारा.

१५ जुलै

लोण्याच्या जुन्या, बंद कारखान्यात मेरेआना नावाची बाई राहायला आली आहे. मातीची भांडी करते. उत्तरेकडची माओरी, मला मातुआ म्हणते, वडिलांच्या जागी मानून. काळी वाळू दळून भांड्यावरच्या लेपात घालून बघायची तिला इच्छा आहे. नमुन्याला लाल झाकणाची एक बादली दिली. तिने मूठ भरून घेतली आणि हातात तोलून धरली. मग म्हणाली, विद्यापीठातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की या वाळूतले काही कण समोरच्या डोंगरांहून जुने आहेत. डोंगर कालचे. कण त्याआधी कुठल्या कुठल्या डोंगरांत राहून, ते डोंगर झिजून गेल्यावर इथे आले.

घरी आल्यावर पुन्हा शेडमध्ये गेलो. एकशे पन्नास बादल्यांसमोर टोपी काढून उभा राहिलो. हे कुणाला सांगणार नाही.

३ ऑगस्ट

आज मेरेआनाची भट्टी बघितली. जन्मात असं काही बघितलं नव्हतं. भट्टीच्या दाराला अंगठ्याएवढं भोक आहे. त्यातून आत बघायला सांगितलं. आत ज्वाळा नव्हत्या. आतली हवाच पांढरीपिवळी झाली होती, आणि त्यात भांडी तशीच पांढरीपिवळी, नुसत्या कडा तेवढ्या कळत होत्या. लेप वितळून मधासारखा हलत होता. हल्ली मला सगळीकडे अंधुकच वाटतं, पण हा उजेड थेट डोक्यात शिरला. माझी वाळू त्यात होती. जी वाळू कशाला म्हणून दाद देत नाही, ती पातळ झाली होती.

थंड झाल्यावर तिने एक पेला हातात दिला. काळा, गुळगुळीत. ती म्हणाली, काळ्यात तपकिरी रेषा आहेत, सशाच्या केसांसारख्या. मी हो म्हटलं. मोठे वाडगे करणार आहे. त्यासाठी दोन बादल्या नेल्या. दाराशी शेवटच्या दोन निळ्या उरल्या होत्या त्याच. बाकीच्या निळ्या स्नोने कधीच संपवल्या.

२० ऑगस्ट

बर्नी पुन्हा डोळ्यांवरून बोलली. मी म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत, हवा बिघडली आहे. कंपनीची यंत्रं दिवसभर धूळ उडवतात. तिन्हीसांजेला समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती गोल कडं दिसतं, ते धुळीमुळेच.

"आणि काल माझ्या चहात मीठ घातलंस ते?"

"डबे सारखे आहेत."

"एकावर मीठ लिहिलंय, मर्व्ह. मीच लिहिलंय. वीतभर अक्षरात."

१ सप्टेंबर

व्हाइटबेटचा, म्हणजे समुद्रातून नदीत चढणाऱ्या इवल्या माशांचा, हंगाम सुरू. पहाटेपासून नदीकाठी जाळी घेऊन बसलो. पिल्लं काचेसारखी असतात, म्हणून पाण्याच्या तळाशी पांढरी फळी टाकायची आणि तिच्यावरून जाताना टिपायची. फळी वाहून जाऊ नये म्हणून काळ्या वाळूच्या पिशव्या केल्या होत्या. सात जणांनी घेतल्या. फळ्या एकदम पक्क्या बसल्या, सगळे खूश.

मासे मात्र या वर्षी नाहीतच. दुपारपर्यंत माझ्या फळीवरून एकही गेला नाही. दहा पावलांवर बसलेल्या स्नोची बादली अर्धी भरली होती. नशीब म्हणतात ते हेच. त्याने जाताना मला धिरड्यापुरते दिले. अंड्यात घालून तळले. बर्नीने तीन खाल्ली आणि म्हणाली, "तू पकडलेस?" मी हो म्हटलं.

८ सप्टेंबर

हिशेब सरळ आहे. सगळ्यांचं मिळून चार पैसे झाले, बाकी सगळा माल स्नोने नेला. आज त्याला लाल झाकणाच्या बादल्या अर्ध्या किमतीत देऊ केल्या. नको म्हणाला. रस्ता पूर्ण झाला का विचारलं, तर "झाला, झाला," म्हणत विषय बदलला. म्हणजे वाळूलाही गिऱ्हाईक उरलं नाही.

मी शब्द दिला होता, स्वतःलाच का होईना. आज परवान्याच्या कचेरीला पत्र लिहिलं. नोराचा ओढा मी सोडत आहे, खाली सही. चार पिढ्या आणि अडीच ओळी. स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं. कुणाला सांगितलं नाही. परत येताना ओढ्यावरून आलो नाही, लांबच्या रस्त्याने आलो.

९ सप्टेंबर

फार वाईट वाटतंय.

१८ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहितो.

मेरेआनाने निरोप पाठवला, भट्टी उघडली, लगेच या. गेलो. तिने एक मोठा वाडगा दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला.

"काय दिसतं, मातुआ?"

"काळा. सुरेख काळा झालाय."

"आणि तळाशी?"

"तळाशीही काळा."

"खिडकीपाशी या जरा. आता बघा."

"अगं, काळाच आहे. तुला काय गोरा हवा होता?"

ती हसली नाही. तिने माझा अंगठा धरला आणि वाडग्याच्या तळावरून हळूहळू फिरवला. बारीक बारीक उंचवटे लागले, मोहरीएवढे, त्याहून लहान.

"खडे राहिलेत," मी म्हटलं. "चाळून घ्यायला हवी होती."

"खडे नाहीत. सोनं आहे ते. आगीत वितळून खाली बसलंय. एकतीस थेंब आहेत, मी मोजले. त्या दुसऱ्या वाडग्यात जास्त आहेत."

मी म्हटलं, शक्य नाही. माझ्या वाळूत सोनं नसतं. बावन्न वर्षं हेच केलं मी, कणसुद्धा मागे सोडत नाही. खूप बोललो. आवाजही चढला असेल.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्यात परातीत डोकावायचं नसतं, मला ठाऊक आहे. पण हा वाडगा माझा आहे. ऊन थेट यात पडलंय, मातुआ, आणि हे चकाकतंय. दारातून आत येणाऱ्या मुलालाही दिसेल. तुम्हाला खरंच दिसत नाही?"

मी वाडगा खाली ठेवला आणि घरी आलो.

१९ सप्टेंबर

सकाळी ओढ्यावर गेलो. ओढा अजून आपलाच असल्यासारखा वागत होता. एक परात धुतली, सावकाश, बापाने शिकवली तशी. शेवटी काळी वाळू राहिली. फक्त काळी. मी ती परात तशीच उचलून बर्नीच्या स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यापुढे धरली. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा माझी परात मी दुसऱ्या कुणाला दाखवली.

"यात काय आहे?"

ती चष्मा लावून वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली.

"मर्व्ह," म्हणाली, "मग हे पिवळं काय आहे?"

मी खुर्चीवर बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यापासून असं कुणी केलं नव्हतं. "काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणाली, पण टोमणा मारायचा आवाज नव्हता तो.

ओढा मेला नव्हता. चार वर्षं तो देत होता आणि मी ते बादलीत ओतून वर निळं झाकण लावत होतो. आता पत्र गेलं. अकरा दिवस झाले. मी नोराचा ओढा जिवंत पुरला.

२१ सप्टेंबर, रविवार

चालत स्नोकडे गेलो. त्याच्या दारापर्यंत घोट्याएवढा चिखल.

"रस्ता कुठाय?" मी विचारलं.

तो दारात उभा. म्हणाला, "आत ये."

"चोरा! रस्ता कुठाय?"

"पहिल्या चार बादल्या रस्त्यासाठीच नेल्या होत्या रे. ओतताना ऊन आलं आणि..." त्याने हाताने नुसतं दाखवलं. "मी काय करायला हवं होतं? मर्व्ह, तू सोनं फेकतोयस, असं येऊन सांगायचं? फावडं घातलं असतंस माझ्या डोक्यात."

"घातलंच असतं."

"म्हणून विकत घेतली. विकत घेतली की वाळू माझी, मग ते डोकावणं होत नाही." तो आत गेला आणि पावाला लावायच्या मार्माइटची जुनी बाटली घेऊन आला. टेबलावर माझ्यापुढे ठेवली. "सगळ्या बादल्यांतलं आहे. यातलं चिमूटभरसुद्धा घेतलेलं नाही. द्यायचं कसं ते कळेना. दिलं तर सांगावं लागणार. रोज म्हणायचो, उद्या."

मी बाटली उचलली. मुठीत मावेल एवढी, पण मनगट खाली गेलं. त्या वजनाला डोळे लागत नाहीत. त्याला काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि रडायला आलं. दोघं म्हातारे चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात बसून राहिलो.

मग त्याला पत्राचं सांगितलं. तो पांढराफटक पडला. "मला सांगायचं तरी!" म्हणाला.

"आपण कधी सांगतो?"



२४ सप्टेंबर

देव आहे आणि तो टपालखात्यात काम करतो.

आज बर्नी टपाल घेऊन आली, त्यात माझंच पत्र. परत आलेलं. वर शिक्का: पत्ता वाचता येत नाही. बर्नीने पाकीट उजेडात धरलं आणि खुर्चीचा आधार घेऊन हसायला लागली. मी कचेरीच्या पत्त्याच्या तिन्ही ओळी एकावर एक लिहिल्या होत्या. नुसतं काळं बेट झालं होतं, म्हणे. माझं नाव तेवढं मागच्या बाजूला धड होतं, म्हणून घरी तरी आलं.

ज्या डोळ्यांनी ओढा घालवला त्यांनीच परत आणला. पत्र चुलीत घातलं. जळेपर्यंत उभा राहिलो.

२६ सप्टेंबर

बर्नीने संगणकावर परवान्याचा अर्ज भरला, माझ्याकडून शब्दागणिक होकार घेत. पाच वर्षांसाठी झालं. कंपनीच्या गोडबोल्याला नकाराचा फोन मी स्वतः केला.

डॉक्टरनेही बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. "एवढ्यावर तुम्ही गाडी चालवत होता?" विचारलं. मी खांबाचं सांगितलं नाही. शस्त्रक्रियेला सरकारी रांगेत आठ महिने लागतील. बर्नी म्हणाली, मार्माइटच्या बाटलीतल्या सोन्यावर क्राइस्टचर्च शहरात जाऊन लगेच होईल. मी म्हटलं, ते सोनं ओढ्याचं. ती म्हणाली, "ओढ्याला डोळ्यांची गरज आहे. त्याला विचारून ये हवं तर."

विचारायला गेलो नाही. पण नकारही दिला नाही.

३० ऑक्टोबर

काल उजवा डोळा झाला. आज सकाळी पट्टी काढली.

कुठून सुरुवात करू? निळा. आधी निळा. बर्नीचा कोट मी तपकिरी समजत होतो, तो निळा आहे. खिडकीबाहेरचं आकाश इतकं निळं की मी नर्सला विचारलं, हे नेहमी असंच असतं का. डावा डोळा मिटला की जग धुतल्यासारखं, उजवा मिटला की जुन्या चहात बुडवल्यासारखं. दिवसभर हाच खेळ. त्या चहात मी वर्षानुवर्षं राहत होतो आणि चव कळली नाही.

बर्नीच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आहे. माझ्या डोक्यात ती अजून पासष्टीचीच होती. मी बघत राहिलो. ती म्हणाली, "काय टक लावलीस?" म्हटलं, छान दिसतेस. "भूल उतरली नाही अजून," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

१ नोव्हेंबर

घरी. ही वही पहिल्यापासून चाळली. रेघा आहेत! चांगल्या ठसठशीत निळ्या. त्यांना न जुमानता माझी अक्षरं पानभर फिरली आहेत, बालवाडीतल्या पोरासारखी. मंद दिवे, कंपनीची धूळ. सगळं वाचलं. एवढं लिहिलं आणि मलाच वाचता आलं नाही.

मग शेडमध्ये गेलो. लाल झाकणाची एक जुनी बादली उघडून चिमूटभर वाळू पांढऱ्या बशीत पसरली आणि बशी दारात उन्हात धरली.

ती काळी नाही.

म्हणजे काळी आहे, पण तेवढीच नाही. गुलाबी कण आहेत, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचे. काचेसारखे आरपार आहेत, प्रत्येकाच्या टोकाला उजेड. एक हिरवा सापडला, एकच. एक पिवळसर, मधाचा. काळे आहेत तेही पैलू पाडल्यासारखे, आठ बाजूंचे. बावन्न वर्षं मी यांना उरलेली वाळू म्हटलं. डोळे चांगले होते तेव्हाही म्हटलं, कारण तेव्हा फक्त पिवळं बघायचो. गुडघे दुखेपर्यंत उकिडवा बसलो होतो. मेरेआनाला आता या बादल्या दाखवायच्या आहेत. तिला लेपासाठी हव्या असतील तर तिने घ्याव्यात, पण एक मी ठेवणार.

९ नोव्हेंबर, रविवार

ओढ्यात. पाणी पन्नास वर्षांपूर्वी होतं तेवढंच थंड आणि तेवढंच हिरवं. परात धुतली. हलकं निघून गेलं, मग कडेला गुलाबी रेघ आली, तिच्यामागे काळी, आणि काळ्याच्या अगदी शेवटी शेपटीसारखं पिवळं. बारीक, पण होतं. हात तसाच धरून मी बराच वेळ उभा होतो. नोरानेही हेच बघितलं असेल, सातव्या खेपेला पोटुशी असताना, इथेच.

स्नो काठाने येत होता. माझी परात वर आहे हे बघून सवयीने थांबला आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

"स्नो, इकडे बघ."

"काय?"

"बघ म्हणतो ना."

मी परात त्याच्याकडे वळवली. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग आजूबाजूला, कुणी आहे की काय म्हणून. मग बूट घालूनच पाण्यात उतरला, टोपी काढली आणि वाकला.

"चांगलंय," म्हणाला. बराच वेळ वाकून राहिला. "ती गुलाबी रेघ कसली?"

"नेहमीचीच आहे."

त्याने पाठीवरची स्वतःची परात काढली, माझ्या शेजारी उभा राहून एकदा भरली आणि धुतली. शेवटाला आल्यावर तो घुटमळला. मी डोंगराकडे बघायला लागलो.

"ए," स्नो म्हणाला, आणि परात माझ्यापुढे धरली.

तिच्यात फारसं काही नव्हतं. मी पोटभर बघितलं.